नऊ दिवसांचा उपास जमतो, मग बिडी का सुटत नाही?

नवरात्रात मोहटादेवीला अनवाणी जाणारी माणसं तिसगाव-पाथर्डीच्या रस्त्यावर दर वर्षी दिसतात. नऊ दिवस पायात चप्पल नाही, दाढीला वस्तरा नाही, पोटात भगर आणि शेंगदाणे. जवळच्याच मढीला कानिफनाथांच्या यात्रेआधी गावकरी तळण आणि लग्नकार्य वर्ज्य करतात. या पंचक्रोशीतल्या माणसाला मन मारणं वेगळं शिकवावं लागत नाही. दिवाळी सरली की पाथर्डी तालुक्यातली हजारो माणसं कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. कडाक्याच्या थंडीत पहाटेच फडात उतरायचं, ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, त्या डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीवर चढायचं.

यातल्याच एखाद्याला दवाखान्यात सांगितलं, "बाबा, आता बिडी सोडा," की तो घरी येऊन बंडल चुलीत टाकतो. दोन दिवस निभतात. तिसऱ्या दिवशी सकाळी तो टपरीवर असतो. घरचे म्हणतात, मनावर घेत नाहीत. तोही मान खाली घालून कबूल करतो की आपलं मन कच्चं.

हे उत्तर सगळ्यांनाच पटतं, पण ते चुकीचं आहे. मन कच्चं असतं तर नऊ दिवसांचा उपास झाला नसता आणि सहा महिन्यांचा कोयताही चालला नसता. अडचण दुसरीकडे आहे, आणि ती नीट समजली तर बिडी सोडण्याची वाटही दिसते.

एक बिडी उलगडून पाहू

बिडीत असतं काय? गोंदिया-गडचिरोलीकडच्या जंगलातून उन्हाळ्यात तोडलेलं तेंदूचं पान आणि चिमूटभर तंबाखू, साधारण ०.२ ग्रॅम. नगर शहरात, संगमनेरला, सिन्नरला, सोलापूरला बायका हे पान भिजवतात, साच्याच्या मापानं कात्रीनं कापतात, तंबाखू भरून वळतात, तोंड दुमडतात आणि दोरा बांधतात. मजुरी हजार बिड्यांवर मिळते. तंबाखूची धूळ दिवसभर नाकातोंडात जाते ती वेगळीच. बिडीचा विषय काढताना या बायकांचा विसर पडू नये, म्हणून हे सांगितलं.

सिगारेटमध्ये तंबाखू याच्या तीन-चार पट असते. त्यामुळे बिडी छोटी, म्हणून कमी घातक, असं सर्रास बोललं जातं. फरक वेष्टनात आहे. सिगारेटचा कागद सच्छिद्र असतो, ती नुसती धरून ठेवली तरी जळत राहते. तेंदूचं पान हवा आत घेत नाही. दोन झुरक्यांतलं अंतर वाढलं की बिडी विझते. ती पेटती ठेवायची तर माणसाला लागोपाठ आणि जोरात ओढावं लागतं, आणि धूर छातीत खोल जातो. म्हणून एवढ्याशा तंबाखूतूनही निकोटिन, डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड भरपूर मिळतं, तपासण्यांमध्ये तर अनेकदा सिगारेटपेक्षाही जास्त.

या तिघांची कामं वेगळी आहेत. डांबरात कर्करोग करणारी द्रव्यं असतात. कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो, त्यामुळे रक्तात प्राणवायूला जागा कमी उरते आणि मोळी घेऊन चढताना दम लागतो. निकोटिनचं मुख्य काम: माणसाला पुन्हा बिडीकडे आणणं. जीव घेतो तो धूर. निकोटिन त्या धुराची सवय लावतं. हा फरक पुढे औषधांच्या वेळी कामाला येईल.

दहा सेकंदांचा प्रवास

मेंदूतल्या पेशी एकमेकींना रासायनिक द्रव्यांनी निरोप देतात. त्यातल्या एका द्रव्याचं नाव असिटिलकोलीन. पेशींवर ते पकडणाऱ्या खास जागा असतात, त्यांना ग्राहक म्हणू. निकोटिनची घडण अशी आहे की तेही याच ग्राहकांवर नेमकं बसतं. छातीत ओढलेल्या धुरातलं निकोटिन फुप्फुसातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत दहा ते वीस सेकंदांत पोहोचतं. ते तिथे बसलं की डोपामिन हे दुसरं द्रव्य सुटतं आणि मेंदू नोंद करतो: हे बरं वाटलं, हे पुन्हा करायचं.

कृती आणि तिचं फळ यांत जितकं कमी अंतर, तितकी सवय पक्की. बिडीच्या बाबतीत ते अंतर दहा-वीस सेकंदांचं आहे. एका बिडीचे दहा झुरके धरले आणि दिवसाच्या वीस बिड्या, तर हा धडा दिवसाला दोनशे वेळा गिरवला जातो. वीस वर्षांत किती वेळा, ते वाचकानंच मोजावं. आयुष्यात फार थोड्या गोष्टी आपण एवढ्या वेळा करतो.

रोज निकोटिनचा मारा होऊ लागला की मेंदू त्याच्याशी जुळवून घेतो आणि ग्राहकांची संख्या वाढवतो. इथून पुढे माणूस आनंदासाठी बिडी ओढत नाही. शरीरातलं निकोटिन साधारण दर दोन तासांनी निम्मं होतं. ते उतरू लागलं की वाढलेले ग्राहक रिकामे पडतात आणि माणूस बेचैन होतो, चिडतो, त्याचं कामात लक्ष लागत नाही. हीच तलफ. रात्रभराच्या झोपेत निकोटिन जवळजवळ संपतं, म्हणून सकाळची पहिली बिडी सगळ्यात जास्त हवीशी वाटते.

उचल आणि बाकी

ऊसतोडीचा व्यवहार इथल्या प्रत्येकाला माहीत आहे. मुकादम हंगामाआधी उचल देतो. त्या पैशात पावसाळ्याची देणी भागतात, घरातलं लग्न होतं, माणूस मोकळा श्वास घेतो. मग सहा महिने कोयता चालवून उचल फेडायची. पट्टा पडून हंगाम संपला की हिशोब होतो आणि बऱ्याच वेळा अंगावर बाकी निघते. ती फेडायला पुढच्या साली पुन्हा उचल.

बिडीचा व्यवहार हुबेहूब असाच चालतो. तलफ आली, बिडी ओढली, बरं वाटलं. पण ते बरं वाटणं कुठून आलं? आधीच्या बिडीनं जी बेचैनी मागे ठेवली होती, तीच या बिडीनं मिटवली. शिवाय जाताना पुढच्या दोन तासांची बेचैनी अंगावर टाकून गेली. "बिडी ओढली की डोकं शांत होतं" हे खोटं नाही, पण ते डोकं अशांत कुणी केलं होतं हे ओढणाऱ्याला दिसत नाही. ज्यानं कधी बिडी ओढली नाही त्याचं डोकं दर दोन तासांनी असं तडकत नाही.

दोन्ही व्यवहारांत फरक एकच आहे, पण तो फार मोठा आहे. मुकादमाकडची बाकी वर्षानुवर्षं, कधीकधी बापाकडून मुलाकडे चालत राहते. निकोटिनची बाकी मात्र दोन ते चार आठवड्यांत बहुतेक फिटते. वाढलेले ग्राहक काही आठवड्यांत पुन्हा कमी होतात, तलफेचा जोर ओसरतो. अट एवढीच की मधे नवी उचल घ्यायची नाही. आणि तिथेच माणूस अडतो, कारण सगळ्यात जड हप्ता पहिल्या तीन दिवसांत येतो.

उपास आणि बिडी यांतला फरकही इथे कळतो. उपासाला दसऱ्याची तारीख ठरलेली असते, घरात सगळेच उपाशी असतात आणि गावात मान मिळतो. बिडी सोडणारा एकटा असतो, त्याला शेवटची तारीख माहीत नसते, आणि भोवतालचा प्रत्येक जण त्याच्यासमोर काडी ओढत असतो. त्यातून बिडी "उपासाला चालते", त्यामुळे त्या नऊ दिवसांतही तिची सवय मोडत नाही.

इच्छाशक्तीचा मुद्दा अजून अडत असेल तर २००७ साली 'सायन्स' या नियतकालिकात आलेला एक अभ्यास पाहावा. नासिर नक्वी, आंत्वान बेशारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत मेंदूला इजा झालेल्या धूम्रपान करणाऱ्यांची तपासणी केली. 'इन्सुला' नावाच्या भागाला इजा झालेल्यांपैकी बऱ्याच जणांची सिगारेट अगदी सहज सुटली होती, तलफच येईनाशी झाली होती. त्यांचा स्वभाव किंवा निश्चय काही रातोरात बदलला नव्हता. तलफ ही मेंदूच्या ठरावीक भागात घडणारी शारीरिक गोष्ट आहे, एवढं त्यावरून नक्की म्हणता येतं.

खिशाचा आणि अंगाचा हिशोब

२०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात रोज बिडी ओढणाऱ्याचा महिन्याचा खर्च सरासरी २८४ रुपये आणि रोज सिगारेट ओढणाऱ्याचा ११९२ रुपये निघाला होता. आज भाव वाढले आहेत. बिडी, काडेपेटी आणि त्यासोबतचा चहा मिळून दिवसाला ३० रुपये धरू. वर्षाला होतात १०,९५०. जानेवारी २०२४ च्या करारात ऊसतोडीचा दर ३४ टक्क्यांनी वाढून टनाला साडेतीनशे रुपयांच्या वर गेला. त्या दरानं ही रक्कम मिळवायला सुमारे ३० टन ऊस तोडावा लागतो. नवरा-बायकोचा एक कोयता दिवसाला दीड-दोन टन तोडतो. म्हणजे वर्षातले पंधरा ते वीस दिवस दोघं मिळून फक्त बिडीसाठी राबतात, आणि त्यातल्या एकानं बहुधा कधी बिडी ओढलेलीही नसते.

अंगाचा हिशोब याहून कठोर आहे. डॉ. प्रभात झा आणि सहकाऱ्यांनी देशातल्या ११ लाख घरांच्या पाहणीवर आधारलेला अभ्यास २००८ साली प्रसिद्ध केला. बिडी ओढणाऱ्या पुरुषांचं आयुष्य सरासरी ६ वर्षांनी, बिडी ओढणाऱ्या बायकांचं ८ वर्षांनी आणि सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांचं १० वर्षांनी कमी होतं, असं त्यात दिसलं. आपल्याकडे या मृत्यूंत कर्करोगाबरोबरच क्षय, फुप्फुसांचे जुनाट आजार (सीओपीडी) आणि हृदयविकार यांचाही मोठा वाटा आहे. बिडीनं छाती कमजोर झाली की दबून राहिलेला क्षय डोकं वर काढतो.

एका आजाराबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण तो जवळजवळ फक्त तंबाखूवाल्यांनाच होतो आणि कष्टकऱ्यांत जास्त दिसतो. त्याचं नाव बर्जर. हातापायांच्या बारीक रक्तवाहिन्या सुजून बंद होत जातात. आधी चालताना पोटरी दुखते. मग पायाचं बोट थंड पडतं, निळं होतं, काळं पडतं, आणि अखेर कापावं लागतं. रोगी बहुतेक चाळिशीच्या आतबाहेरचे असतात. तंबाखू पूर्ण बंद केली तर रोग बहुधा तिथेच थांबतो. दुसरा खात्रीचा उपाय नाही. तरीही एक बोट गेल्यावर, पाऊल गेल्यावरही काही जण ओढत राहतात. ज्याचं पोट पायांवर चालतं तो माणूस पाय गमावूनही बिडी सोडू शकत नाही, तेव्हा त्याला निर्बुद्ध म्हणणं हा अन्याय आहे. ती निकोटिनची ताकद आहे, आणि तिच्याविरुद्ध त्याला मदत मिळायला हवी.

बिडी म्हणजे विसावा

रसायन अर्धंच काम करतं. उरलेलं काम वेळा, जागा आणि माणसं करतात. जेवण झालं, चहा आला, शौचाला निघालो, ट्रॉली भरून झाली, बाजारात मित्र भेटला: या प्रत्येक प्रसंगाशी हजारो वेळा बिडी जोडली गेली आहे. शरीरातलं निकोटिन उतरून महिना झाला तरी तो प्रसंग आला की हात खिशाकडे जातो.

मला यातली सगळ्यात मोलाची आणि सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट वाटते ती विश्रांतीची. फडात, वीटभट्टीवर, बांधकामावर उगाच बसलेल्या मजुराला हटकलं जातं, पण "बिडी ओढून घेतो" म्हटलं की कुणी काही बोलत नाही. बिडी हा कष्टकऱ्याचा बसायचा परवाना आहे. ती सोडली की पाच मिनिटांचं बूड टेकणंही गेलं, शेजाऱ्याशी दोन शब्द बोलणंही गेलं. मग तिसऱ्या दिवशी अंग मोडून पडतं, यात नवल नाही. बिडी सोडणाऱ्यानं ती पाच मिनिटं सोडू नयेत. तितक्याच वेळा बसावं, पाणी प्यावं, गप्पा माराव्यात, फक्त काडी ओढू नये. आणि टोळीतल्या इतरांनी, मुकादमानंही, त्याला ते बसणं द्यावं.

पहिल्या पंधरा दिवसांतले चकवे

बिडी सोडल्यावर खोकला वाढू शकतो. श्वासनलिकांच्या आत बारीक केसांसारखे तंतू असतात, ते कफ वर ढकलतात. धुरानं ते लुळे पडलेले असतात. बिडी बंद झाली की ते पुन्हा कामाला लागतात आणि साचलेला कफ बाहेर काढू लागतात. माणूस म्हणतो, "सोडली आणि आजारी पडलो," आणि पुन्हा पेटवतो.

पोटाचंही तसंच. निकोटिन आतड्यांना चालना देतं, म्हणून "बिडीशिवाय पोट साफ होत नाही" हे गाऱ्हाणं खरंच असतं. सोडल्यावर काही दिवस बद्धकोष्ठ होतो. भरपूर पाणी आणि पालेभाजी यांनी तो सुधारतो. निकोटिन भूकही मारतं, त्यामुळे सोडल्यावर भूक वाढते. झोप बिघडते, राग येतो. घरच्यांना हे आधीच माहीत असेल तर "हा असा का वागतोय" म्हणून भांडण होत नाही.

तिसरा चकवा म्हणजे कमी करणं. वीसवरून दहावर आलेला माणूस नकळत प्रत्येक बिडी जास्त खोल आणि शेवटपर्यंत ओढतो. निकोटिन फारसं कमी होत नाही, मन मात्र समाधान मानून घेतं. बहुतेकांना एक दिवस ठरवून पूर्ण बंद करणं जास्त लाभतं.

चौकट : शेवटच्या बिडीनंतर
• २० मिनिटं: हृदयाचे वाढलेले ठोके उतरू लागतात.
• एक ते दोन दिवस: रक्तातला कार्बन मोनॉक्साइड निघून जातो.
• दुसरा-तिसरा दिवस: तलफ सर्वांत तीव्र. एकेक लाट मात्र काही मिनिटांतच ओसरते.
• दोन ते चार आठवडे: शरीराची मागणी बहुतेक संपते.
• एक वर्ष: धूम्रपानामुळे वाढलेला हृदयविकाराचा धोका सुमारे निम्मा होतो.
• ब्रिटिश डॉक्टरांवर १९५१ पासून पन्नास वर्षं चाललेल्या रिचर्ड डॉल यांच्या अभ्यासानुसार तिशीत सोडल्यास सुमारे १० वर्षांचं, चाळिशीत ९, पन्नाशीत ६ आणि साठीतही ३ वर्षांचं आयुष्य परत मिळतं.

मदत घेऊन सोडणं

कुणाचीही मदत न घेता सोडू पाहणाऱ्या शंभरांपैकी वर्षभर टिकतात ते तीन ते पाच. औषध आणि सल्ला दोन्ही घेतले तर हे प्रमाण बरंच वाढतं, तरीही आपल्याकडे मदत मागणं कमीपणाचं समजतात.

मेडिकलमध्ये निकोटिनचे गम मिळतात. "निकोटिन सोडायला निकोटिनच?" हा प्रश्न रास्त आहे. गममध्ये धूर नाही, डांबर नाही, कार्बन मोनॉक्साइड नाही. निकोटिन मेंदूत हळूहळू पोहोचतं, त्यामुळे बेचैनी मिटते पण दहा सेकंदांची ती सवय लागत नाही. मग मात्रा कमी करत साधारण तीन महिन्यांत थांबवता येतं. उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली बिडी लागणाऱ्याला सहसा ४ मिलिग्रॅमचा गम लागतो, इतरांना २ चा. हृदयाचा त्रास असेल किंवा बाई गरोदर असेल तर डॉक्टरांना विचारूनच घ्यावा.

गम फसतो तो चावण्याच्या पद्धतीमुळे. साध्या च्युइंगमसारखा भराभर चावला की निकोटिन लाळेबरोबर पोटात जातं, उचकी लागते, मळमळतं, आणि माणूस तो थुंकून देतो. खरी रीत अशी: सावकाश चावायचा, जिभेला तिखट झिणझिणलं की थांबायचं आणि गम गालात धरायचा. झिणझिण गेली की पुन्हा चावायचा. असं अर्धा तास. गमच्या आधी पंधरा मिनिटं आणि गम तोंडात असताना चहा किंवा आंबट काही घ्यायचं नाही, कारण आंबट तोंडात निकोटिन शोषलं जात नाही. चहाची एवढी सवय असलेल्या भागात हे कुणी समजावून सांगत नाही आणि गम बदनाम होतो. बुप्रोपिऑन, व्हॅरेनिक्लिन यांसारखी गोळ्यांची औषधंही आहेत, ती डॉक्टरांच्या सल्ल्यानं घ्यायची.

जिल्हा रुग्णालयांत तंबाखूमुक्ती केंद्रं असतात. १८००-११-२३५६ या फुकटच्या राष्ट्रीय क्रमांकावर मराठीतही समुपदेशन मिळतं. प्रत्येक बिडी-सिगारेटच्या पाकिटावर हाच क्रमांक छापलेला असतो.

पुडी आणि मिसरी

बिडी सुटली म्हणून जो सुटकेचा निःश्वास टाकतो, त्याच्या खिशात पुष्कळदा पुडी आलेली असते. २०१६-१७ च्या त्याच सर्वेक्षणात महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ फक्त ३.८ टक्के होते, बिनधुराची तंबाखू घेणारे मात्र २४.४ टक्के. तंबाखूत चुना मळला की ती अल्कधर्मी होते आणि निकोटिन गालाच्या आतून झपाट्यानं रक्तात शिरतं. म्हणून चुन्याशिवाय ती "लागत" नाही. घराघरातली मिसरीही भाजलेली तंबाखूच असते. दात घासायला म्हणून सुरू झालेली मिसरी बायकांना दिवसातून चार-पाच वेळा का लागते, याचं उत्तर दातांत नाही. आजोबांच्या बिडीवर घरात बोलणं होतं. आजीच्या मिसरीचा डबा कोनाड्यात तसाच असतो आणि तिला कुणी कधी विचारतही नाही.

घसरल्यावर

बहुतेकांची बिडी पहिल्या प्रयत्नात सुटत नाही. लग्नात, मयतीत किंवा फडातल्या एखाद्या वाईट दिवशी एक ओढली जाते. मग "आता काय, गेलंच" म्हणून माणूस बंडल घेतो. त्या एका बिडीपेक्षा हे बंडल जास्त नुकसान करतं. ते न घेता त्याच संध्याकाळी पुन्हा बंद केली तर आधीच्या दिवसांची कमाई बरीचशी शिल्लक राहते. कुठे, किती वाजता, कुणाबरोबर ओढली गेली हे लक्षात ठेवावं आणि पुढच्या वेळी डॉक्टरांना किंवा फोनवरच्या समुपदेशकाला तेच पहिलं सांगावं. सकाळी घसरला असेल तर गमची मात्रा कमी पडत असावी, आणि मित्रांत घसरला असेल तर त्या मित्रांशी आधी बोलायला हवं.